मूळ क्रमांक सापडेपर्यंतचे चौदा महिने

जुनी सागवानी डायनिंग कार, म्हणजे रेल्वेचा जेवणाचा डबा, दुरुस्तीला घेणार असाल, तर खरवडणी हातात घेण्याआधी तिचा मूळ क्रमांक शोधा. आमचे चौदा महिने त्यापायी गेले आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमचा डबा इंग्लंडमधल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा, १९२०च्या दशकातला. बाहेरून सगळं सागवान, वर रंग नाही, नुसतं वार्निश. कंपनीचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली यांच्या डब्यांची हीच ओळख. मी दर शनिवारी त्याच्या दुरुस्तीला स्वयंसेवक म्हणून जातो. छताचं कॅनव्हास, चाकं, ब्रेक, जमिनीच्या फळ्या ही सगळी कामं ठरल्या वेळेत झाली. अडलं ते स्वयंपाकघरापाशी.

अडायचं कारण असं की स्वयंपाकघर उरलंच नव्हतं. प्रवासी सेवेतून काढल्यावर हा डबा रेल्वेच्या कामगारांना राहायला दिला गेला. त्या वेळी चूल, मोरी, भिंत सगळं उखडून तिथे झोपायच्या फळ्या ठोकल्या आणि सागवानावर रंगाचे थर चढवले. डबा तगला तो या वापरामुळेच, हेही खरं. पण भिंत नेमकी कुठे होती आणि स्वयंपाक कशावर व्हायचा, हे मूळ आराखड्याशिवाय कळणार नव्हतं.

गाडीतल्या स्वयंपाकाला मोठा इतिहास आहे. आधी गाड्याच जेवणासाठी थांबत; इंग्लंडमधल्या स्विंडन स्थानकात दहा मिनिटांचा सक्तीचा थांबा १८९५ पर्यंत होता. १८७९ मध्ये लंडन-लीड्स मार्गावर ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा पुलमन कंपनीचा आलिशान डबा आला, तेव्हा त्यात कोळशाची चूल होती. एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट नसल्यामुळे जेवणाऱ्यांना त्याच डब्यात बसून राहावं लागे. पुढे चुली गॅसवर आल्या आणि १९२१ मध्ये त्याच मार्गावर ग्रेस्लींनी एकमेकांना कायमच्या जोडलेल्या पाच डब्यांच्या गाडीत विजेवर चालणारं स्वयंपाकघर दिलं. आमचा डबा त्यानंतरचा, म्हणजे गॅस आणि वीज दोन्ही शक्य. अंदाजाने काहीतरी बसवायचं माझ्या मनाला पटेना.

आराखडे ज्या कार्यालयात होते, तिथे अर्ज केला. अर्जात एकच महत्त्वाचा रकाना: ‘मूळ क्रमांक’. आम्ही डब्यावर रंगवलेला क्रमांक भरला. आठ आठवड्यांनी उत्तर आलं, या क्रमांकाची डायनिंग कार नोंदीत नाही. नसणारच! १९४०च्या दशकात कंपनीने डब्यांचे क्रमांक बदलले, १९४८ ला राष्ट्रीयीकरण झाल्यावर त्यांना अक्षर जोडलं, कामगारांकडे गेल्यावर तिसराच क्रमांक पडला. दुसऱ्यांदा सांगाड्यावरच्या पट्टीवर वाचता आला तो क्रमांक भरला; तो निघाला साध्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याचा. तिसऱ्या वेळी फोटो जोडले, मापं जोडली, आम्ही स्वतः येऊन कपाटं धुंडाळतो असंही लिहिलं. पुन्हा तेच: क्रमांकाशिवाय शोध घेता येत नाही. फोनवरच्या बाई नम्र होत्या, पण फोटो बघायला कोणी तयार नव्हतं. दर वेळी पुन्हा रांगेत शेवटी. दोन जण कंटाळून यायचे बंद झाले, त्याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

शेवटी क्रमांक डब्यानेच दिला. पॅन्ट्रीचं दार बिजागऱ्यांतून काढलं होतं. दाराची जी कड चौकटीत दडलेली असते, तिच्यावरचा रंग मी ओला करून हळूहळू खरवडत होतो. (जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासू नका, मास्क लावा.) करड्या थराखाली हिरवा, त्याखाली वार्निश, आणि वार्निशखाली पोलादी ठशाने लाकडात ठोकलेले आकडे. बोटाने आधी जाणवले, मग विजेरी तिरकी धरल्यावर दिसले. मी तिथेच खाली बसलो.

चौथ्या अर्जाला सहा आठवड्यांत उत्तर आलं आणि सोबत आराखड्याची प्रत. म्हणून सांगतो, दारांच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी, आसनांची खालची बाजू आधी तपासा. पृष्ठभाग सरसकट घासून काढलात तर ठसेही जातील. प्रत्येक फळी काढण्याआधी फोटो घ्या, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आणि सागवान तेलकट असतं. डिंक लावण्याआधी ॲसिटोनने पुसलं नाही तर सांधा सुटतो. आमचे दोन सुटले.

आराखडा जमिनीवर पसरला तेव्हा कळलं, आम्ही भिंतीसाठी खडूने आखलेली रेघ दीड फूट चुकली होती. खऱ्या जागेवर फळ्यांमध्ये लाकडी खुंट्यांनी बुजवलेली चार भोकं होती. रोज त्यांवरून चालत होतो आम्ही. गॅसच्या नळ्या तिथूनच खालच्या टाक्यांकडे जात असत.