आवाज, आवाज!

वैशाखातली दुपार होती आणि ऊन असे तापले होते की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा बैलबंडीखालच्या सावलीत जाऊन बसल्या होत्या. पुतण्याने कपाटाच्या तळातून एका जुन्या मोबाइलचे मेमरी कार्ड शोधून काढले आणि संगणकाला लावले, तेव्हा त्यात २०१० सालच्या मंडईतल्या नाटकाचे चित्रण निघाले. दिवाळीनंतर धान निघाले की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि वडशाहून आलेल्या कंपनीचे नाटक रात्रभर चालते, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. पडद्यावर फेटा बांधलेला एक नट हात उंचावून तावातावाने बोलत होता, पण त्याच्या तोंडून अक्षर बाहेर पडत नव्हते.

"आवाज काहून नाही येऊन राहिला?" आत्याने विचारले. ओसरीतल्या खाटेवर टेकून बसलेल्या मोठेबाबांनीही मान वळवून पाहिले.

मी आधी स्पीकरची पिन तपासली, कारण मागे एकदा झाडलोट करताना निघालेली पिन कुणीतरी हिरव्या भोकाऐवजी माइकच्या गुलाबी भोकात घातली होती आणि आम्ही दोन दिवस स्पीकरला दोष देत बसलो होतो. पिन जागेवर होती. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुलीही नव्हती, आणि भजनाची दुसरी फाइल लावली तर ती खणखणीत वाजली. म्हणजे खोट या फाइलीतच होती.

व्हिडिओची फाइल हे खरे तर गाठोडे असते. त्यात चित्र एका पद्धतीने दाबून बांधलेले असते आणि आवाज दुसऱ्या. संगणकातल्या प्लेअरला आवाजाची गाठ सोडवता आली नाही, तर तो चित्र तेवढे दाखवतो आणि बाकीच्याबद्दल अनेकदा चकार शब्द काढत नाही. माझा राग आहे तो या शिष्टपणावर. जमत नाही, तर जमत नाही म्हणावे. पुतण्या म्हणाला की कुठून तरी कोडेकचा, म्हणजे असल्या गाठी सोडवणाऱ्या हत्यारांचा, गठ्ठा उतरवून घेऊ, पण मागच्या खेपेला असल्या गठ्ठ्याबरोबर इतक्या जाहिराती आल्या होत्या की मी त्याला हात लावू दिला नाही. त्याऐवजी व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर उतरवायला लावले. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हात घातलेल्या कामातून ते उभे राहिले आणि २००१ पासून सर्वांना खुले झाले. रस्त्याच्या कामापाशी ठेवतात तसला नारिंगी शंकू ही त्याची खूण. गाठी सोडवायची बहुतेक हत्यारे ते स्वतःबरोबरच आणते.

आमच्या गावात नेटवर्क कडुनिंबाच्या झाडापाशी बरे मिळते, घरात नाही, त्यामुळे ते उतरायला बराच वेळ लागला. तोवर मुके नाटक चालूच होते, आणि आत्या व वहिनी यांनी त्याला आवाज द्यायला सुरुवात केली. नट छाती पिटू लागला की आत्या म्हणे, "धानाचा भाव पडला वो!" आणि नायिकेने पदर डोळ्याला लावला की वहिनी गॅस संपल्याचे रडगाणे गाई.

मला लहानपणीची तंबूतली टॉकीज आठवली. सिनेमाच्या रिळावर आवाजाची पट्टी चित्रांच्या कडेने गेलेली असते आणि एका लहान दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार जाऊन आवाज उमटतो. तो दिवा गेला की नायक नुसता ओठ हलवायचा आणि अख्खा तंबू "आवाज! आवाज!" म्हणून ओरडायचा. अशा वेळी मोठेबाबा सतरंजीवरून उठून उभे राहत. आदल्या रात्री तोच खेळ पाहिलेला असल्याने नायकाचे, खलनायकाचे आणि घोड्याचेसुद्धा काम ते एकटे करीत, आणि दिवा बदलून खरा आवाज आला की लोक हिरमुसत.

व्हीएलसी एकदाचे उतरले. फाइलीच्या माहितीत आवाजापुढे एएमआर, एक चॅनेल, ८,००० हर्ट्झ असे लिहिलेले दिसले. ही पद्धत फोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे. माणसाचे बोलणे ओळखू येईल एवढे ती राखते आणि वरच्या पट्टीतले सोडून देते. त्यामुळे नाटकातला ऑर्गन पिंपातून आल्यासारखा वाजला, तबला तर पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखा. नटाचे संवाद जनरेटरच्या घरघरीत बुडाले होते. स्पष्ट ऐकू आला तो फोनच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाचा, म्हणजे चित्रण करणाऱ्याचा आवाज: "अबे, खाली बस ना! मागच्याले दिसून नाही राहिलं." मग शेंगा फोडल्याचा आवाज, मग खोकला, मग नायिकेच्या रडण्यावर मोठ्याने हसणे आणि शेजारच्याला पुढचा प्रवेश आधीच सांगून टाकणे.

फोन मोठेबाबांचा होता. घरातले सगळे चित्रण तेच करीत, म्हणून ते स्वतः एकाही चित्रणात नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही.

खोलीत कोणी काही बोलले नाही. मी वळून पाहिले. मोठेबाबा बराच वेळ पडद्याकडे नव्हे, स्पीकरकडे पाहत होते. मग त्यांनी डावा हात वर केला आणि पंजा हळूहळू खाली आणला, आवाज कमी कर म्हणून.