माझा नंबर आता दुसऱ्याचा आहे

ठाण्याच्या नौपाड्यातील घर भाड्याने देऊन आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहायला आलो, त्याला आता दोन वर्षे होतील. त्या धांदलीत मी माझा एक जुना मोबाइल नंबर बंद पडू दिला. वीसेक वर्षे जवळ असलेला तो नंबर ओटीपीपुरताच उरला होता आणि दोन-दोन सिमकार्डांचे रिचार्ज मला निष्कारण वाटू लागले होते. बंद झालेला नंबर ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला देऊ नये असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. त्या मुदतीनंतर मात्र तो देता येतो, हा त्याचा उत्तरार्ध मी कधी मनावर घेतला नव्हता. सहाएक महिन्यांनी जुन्या सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. मेंटेनन्सची सूचना ज्या नंबरवर जात होती, तेथून डोंबिवलीच्या एका तरुणाने "हा नंबर आता माझा आहे, कृपया त्या बाईंना कळवा" असे उत्तर पाठवले होते.

त्याच्याशी बोलल्यावर कळले की माझ्या थायरॉइडच्या तपासणीचा अहवाल तयार असल्याचा निरोप, विजेच्या बिलाची रक्कम, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड आणि बचत खात्यात व्याज जमा झाल्याची सूचना हे सारे त्याच्याकडे नियमितपणे पोहोचत होते. तो सज्जन निघाला, हे माझे नशीब. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.

मग मी दोनशे पानी वही आणली आणि जेथे जेथे माझी नोंद आहे असे आठवले, ती प्रत्येक सेवा एका ओळीत लिहून काढली: नाव कसे दिले आहे, नंबर कोणता, ईमेल कोणता, पत्ता नौपाड्याचा की ऐरोलीचा. पहिल्या बैठकीत एकवीस ओळी झाल्या आणि महिनाभरात त्रेसष्ट. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत हे पाहता येते. आपला एखादा नंबर कोणकोणत्या सेवांनी नोंदवून ठेवला आहे हे मात्र एकत्रितपणे सांगणारी जागा कोठेही नाही, आणि म्हणून ही नोंदवही ज्याची त्यानेच ठेवावी लागते.

दुरुस्तीचा क्रम मी सुरुवातीला चुकवला. किरकोळ खात्यांपासून आरंभ केला, आणि बहुतेक ठिकाणी नंबर बदलण्यासाठी लागणारा ओटीपी जुन्याच नंबरवर जात असे. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका असे बँका घसा कोरडा करून सांगत असताना, एका अनोळखी मुलाला "माझा ओटीपी मला सांगता का?" असे विचारण्याची वेळ माझ्यावर आली. दोन-तीन बिनमहत्त्वाच्या खात्यांनंतर मी ते थांबवले. आधी आधार केंद्रावर जाऊन तेथील नंबर बदलून घेतला, नंतर बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, त्यानंतर मुख्य ईमेल खात्याचा पुनर्प्राप्तीचा (रिकव्हरी) नंबर बदलला; इतर बरीच खाती या तिघांच्या आधाराने सुटत गेली.

नावाचा गुंता मात्र नंबरपेक्षा जुना आहे. माझे नाव ज्योत्स्ना. रोमन लिपीत ते कोणी एक 'ए' अधिक घालून लिहिले आहे, तर कोणी 'टी'नंतर 'एच' घालून. पॅनवर मधले नाव वडिलांचे, आधारवर पतीचे, आणि गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव. माणसाला सहज उमगणारी ही गोष्ट संगणकाला तीन वेगळ्या स्त्रिया वाटते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. तो मला मनापासून आवडला, तरी चार शब्दांची ती नावे दोनच रकान्यांच्या अर्जांत कशी बसवतील, हा प्रश्न त्या मुलांच्या आईवडिलांना पडणारच.

आणखी एक गैरसमज या निमित्ताने गेला. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे खाते मिटत नाही. गूगलच्या खात्याने जेथे प्रवेश केला होता, त्या सेवांची जोडणी तोडली तरी पुढचा प्रवेश तेवढा थांबतो. आधी दिलेली माहिती त्यांच्याकडेच राहते आणि ती पुसण्याची विनंती वेगळी करावी लागते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली कोणती माहिती वापरली जात आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा, तसेच आपल्या पश्चात हे हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. तोवर विनंतीअर्ज आणि चिकाटी यांवरच भिस्त आहे. भाडेकरूंच्या कागदपत्रांसाठी व्हॉट्सॲपवर संपूर्ण आधार पाठवण्याची सवयही मी मोडली आहे. शेवटचे चारच अंक दाखवणारे आधार डाउनलोड करता येते आणि माझ्या एजंटने ते कुरकुर न करता स्वीकारले.

ठाण्याला जाता-येता ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये रबाळे-महापे पट्ट्यातील, कंपन्यांची माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आठवतात, आणि माझ्या त्रेसष्ट ओळींपैकी काही कदाचित तेथेच, घरापासून रिक्षाच्या अंतरावर असतील, असे वाटून जाते.

वहीतील दोन ओळी सोडून बाकी साऱ्यांवर मी खूण केली होती. मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून निरोप आला: "काकू, तुमचा चष्मा तयार आहे, नौपाड्याच्या दुकानातून घेऊन जा." चष्म्याचे दुकान त्रेसष्टांत नव्हते, चौसष्टावी ओळ त्याच रात्री लिहिली.