तुम्ही विचारलंत म्हणून: तोवर घर कसं चालायचं?

"काका, मोटिव्हेशनसाठी एखादं पुस्तक द्या की." आठवड्यातून चारदा तरी हे ऐकतो. मागणारी बहुतेक पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी, कधी त्यांचे वडील. आणि लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसलेला कुणीतरी विचारतोच, "एवढी पुस्तकं हाताखालून जातात तुमच्या, वाचून माणूस सुधारतो का वो खरंच?" पलूस तालुक्यातल्या एका ड वर्गाच्या वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. संध्याकाळी पेपर वाचणाऱ्यांच्या गर्दीत या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तोंडात घास असताना तर नाहीच. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक पुस्तक दाखवतो. नाव सांगत नाही, तुमच्याही घरात असेल. मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि हात पसरून उभा असलेला माणूस. देवघेवीच्या रजिस्टरात ते चौतीस वेळा घरी जाऊन आलंय. हे पुस्तक मिटा आणि कडेनं बघा. पहिली चाळीसेक पानं बोटं लागून तपकिरी झालीत, पुढची दोनशे पांढरीशुभ्र. एकविसाव्या पानावर एकाच वाक्याखाली पाच रेघा आहेत: शिसपेन्सिल, निळं पेन, लाल पेन, हिरवं पेन आणि वरून हायलायटर. पुढं एका पानावर रोजच्या खर्चाची वही कशी ठेवावी ते सांगितलंय. तिथं एकही रेघ नाही. एकानं तर ते दुसऱ्याच दिवशी आणून दिलं. म्हणाला, "यात पळायचं काही नाही काका." त्याला १६०० मीटरची वेळ कमी करायची होती. चौतिसांत तोच मला शहाणा वाटला.

बाकीच्यांना हसायचा अधिकार मला नाही. २००१ साली मी स्वतः एका साखळी-विक्रीच्या धंद्यात शिरलो होतो. सांगलीत हॉल घेऊन मीटिंगा व्हायच्या, टाय लावलेली माणसं टाळ्या वाजवायला लावायची, आणि दर महिन्याला एक प्रेरणादायी पुस्तक आणि एक कॅसेट विकत घ्यावी लागायची. उसाच्या बिलातले अठरा हजार मी त्यात घातले आणि प्रोटीन पावडरचे डबे घरी आणून रचले. वर्षात पैसाच पैसा, असं आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हईल की. पर तोवर घर कसं चालायचं?"

नकारात्मक माणसांपासून लांब राहा, असं त्या महिन्याच्या पुस्तकात होतं. मी दोन दिवस आईशी बोललो नाही.

डबे काही खपले नाहीत. पावडर वाया गेली. डबे मात्र चांगले होते, घट्ट झाकणाचे. आईनं त्यांत हळद भरली. अजून भरते.

तेव्हा या पुस्तकांनी काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. होतं. पहिलं प्रकरण वाचून पहाटे चारला उठलेली पोरं मी बघितलीत. साधारण गुरुवारपर्यंत उठतात. उसाचं पाचट पेटवलं की जाळ केवढा होतो, पण त्यावर भाकरी भाजत नाही. चूल धरवायला मात्र तेच बरं पडतं. तेवढ्यासाठी जरूर न्या. मी रजिस्टरात नोंद करतो आणि सोबत एक चरित्र हातात देतो. वर एक अट घालतो: सुरुवात आणि शेवट नंतर वाच, आधी मधलं वाच.

किर्लोस्करवाडीचंच घ्या. आमच्या पोरांना ते रेल्वे स्टेशन म्हणून माहीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीनं निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, हे शाळेच्या भाषणात येतं. भाषणात जे येत नाही ते त्याच्या आधीचं, बेळगावचं. लोखंडी नांगर तयार होता आणि कुणी घेत नव्हतं. लोखंडानं जमिनीला विष लागतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. त्या काळात घर कशावर चाललं असेल? सायकलच्या दुकानावर. सायकली विकायच्या, वर चालवायला शिकवायचे पंधरा रुपये घ्यायचे. शिवाय कडबा कापायचं यंत्र होतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या टाय लावलेल्यांकडं मिळालं नाही, ते इथं मिळालं. तेही दहा वर्षं उशिरा.

कर्मवीर भाऊरावांचंही तसंच. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र दिलं, हे २२ सप्टेंबरला दरवर्षी सांगतात. माझेही डोळे दरवर्षी भरून येतात, खोटं कशाला बोलू. पण वक्ता मंगळसूत्रावरून जी उडी मारतो ती थेट आजच्या शाळा-कॉलेजांच्या आकड्यावर. हेच भाऊराव त्याआधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होते. कुठल्या गावात शाळा नाही, कुठल्या घरात पोर हुशार आहे आणि पोटाला नाही, ते त्या फिरतीत दिसलं. विक्रेत्याची नोकरी चरित्रात दोन पानांत उरकतात. मला ती दोन पानं मंगळसूत्राइतकीच मोलाची वाटतात. माझ्यासारख्याला मंगळसूत्र देण्याचं धाडस होणार नाही, पण कंदील विकता येतील.

गेल्या उन्हाळ्यात तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारा एक पोरगा आला. दोनदा भरतीत पडलेला. त्याला उगवत्या सूर्याचं पुस्तक पाहिजे होतं. ते बाहेर गेलं होतं, म्हणून लक्ष्मणरावांचं चरित्र दिलं आणि बेळगाव वाचून ये म्हटलं. फार काही आशा नव्हती. आठ दिवसांनी आला, पुस्तक काऊंटरवर ठेवलं, पण हात त्यावरच.

"काका, पंधरा रुपये म्हंजे तवा लई असतील न्हवं?"

"बरेच असणार."

जरा वेळ तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माझं टेम्पोचं लायसन हाय. आपल्याकडं गाडी शिकवायचं किती घेतात वो आता?"

मी म्हटलं, पलूसला स्टँडपाशी चौकशी कर. आणि पुस्तक आणखी आठ दिवस वाढवून दिलं.