तुम्ही विचारलंत म्हणून: रेघ मधेच सपाट का होते?

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढताना आजीचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, वायरींतून करंट तर बसत नाही ना?" नाही बसत. मशीन आत काहीच सोडत नाही. मेंदूत आपसूक तयार होणारी वीज ते फक्त टिपतं, आणि ती इतकी थोडी की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते.

आईचा प्रश्न मात्र हळू आवाजात येतो. "रेघ सपाट झाली. मेंदू थांबला का हो?"

नाही. दिवस भरण्याआधी, गर्भाच्या २८-३० आठवड्यांनाच जन्मलेल्या बाळाचा मेंदू सलग चालतच नाही. लाटांची एक उसळी येते, मग कितीतरी सेकंद सगळं शांत, मग पुन्हा उसळी. जाग्या असलेल्या मोठ्या माणसाच्या ईईजीत हे दिसलं तर माझ्या पोटात गोळा येईल. या वयात ते अपेक्षितच आहे. आठवडे सरतात तशी ही शांतता आखूड होत जाते. पॅरिसच्या कोलेट द्रेफ्यू-ब्रिझाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून हे टप्पे लावून दिले, म्हणून आज रेघेवरून बाळाच्या आठवड्यांचा अंदाज बांधता येतो. शांतता वयाच्या मानाने लांबली तर ते डॉक्टर बघतात, तिथे मी बोलत नाही.

माझा जीव जडलाय तो 'डेल्टा ब्रश'वर. एक संथ, रुंद लाट आणि तिच्यावर बारीक, भरभर लाटांचे केस. ३२-३४ आठवड्यांना भरपूर दिसतात, दिवस भरेपर्यंत जवळजवळ नाहीसे होतात. २००७ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की अशा बाळाचा हात किंवा पाय हलला की मेंदूच्या विरुद्ध बाजूला हे ब्रश उमटतात. झोपेत हात उडाला की आपण म्हणतो, दचकलं. पण त्या झटक्यातूनच मेंदूला आपल्या हाताची ओळख होत असावी. डोळ्यांचंही तसंच. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिलांचे डोळे उघडण्याआधीच दृष्टिपटलावरून विजेच्या लाटा सरकत जातात, हे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसलं.

परवा एका आईला म्हटलं, स्क्रीन राहू द्या, बाळाच्या उजव्या हाताकडे बघा. बराच वेळ काही नाही. मग इवलीशी मूठ उघडली, मिटली, आणि डाव्या बाजूच्या रेघेवर ब्रश उमटला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आता परत कधी?" आम्ही दोघी पेटीपाशी वाट बघत उभ्या राहिलो.