परवानगी लागत नाही, पण तसं लिहूनही मिळत नाही (मकतबच्या पोरांची भातलावणी)

मागच्या वर्षी मकतबच्या (मशिदीतल्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गाच्या) बावीस पोरांना भातलावणीला नेलं, त्याचा अनुभव लिहायचा कधीचं म्हणतेय. सगळं छान झालं म्हणून नाही, परवानगीसाठी खेपा घातल्या ते तालुक्याचं ऑफिस अजून डोक्यातून जात नाही म्हणून.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. घरटी एक माणूस तरी आखातात नाहीतर मुंबईला, त्यामुळे आजे नांगर धरायचे ती खाचरं आता पड. मी संध्याकाळी मकतबात शिकवते, पोरं आपा म्हणतात. कुराणातल्या सूरह बकराची २६१ वी आयत चालली होती, अल्लाहच्या वाटेत खर्च करणाऱ्याची मिसाल (दाखला), एका दाण्याला सात कणसं आणि कणसागणिक शंभर दाणे. चौथीतल्या एकाने विचारलं, आपा, भाताला कणीस कुठे येतं? बाकीची हसली, मला नाही आलं हसू, कारण त्याच्या घरामागेच त्यांचं खाचर आहे, रान माजलेलं.

चारेक किलोमीटरवरच्या वाडीत एक काका अजून शेती करतात, अब्बांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "घेऊन ये गो पोरांना, एक खाचर ठेवतो तुमच्यासाठी." मशिदीच्या जमातीने हो म्हटलं, पालकांनीही. एका शाळेची मिनीबस रविवारी फुकट मिळणार होती, फक्त त्यांचं म्हणणं, लहान पोरं, पावसाचे दिवस, तालुक्याहून परवानगीचं पत्र आणा. एवढंच.

तरवा (लावणीची भाताची रोपं) पेरला होता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. काका म्हणाले एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की लावायचा, त्यापुढे ठेवायचा नाही. मी हिशोब केला, भरपूर वेळ आहे.

पहिल्या खेपेला साहेब मिटिंगला. दुसऱ्या खेपेला टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि 'दीनी तालीम' या शब्दावर बोट ठेवून थांबला, मॅडम हे धार्मिक आहे की शैक्षणिक? मी म्हटलं, भात लावायचाय. तो म्हणाला तसं नाही, कुठल्या फाईलला लावायचं ते कळायला हवं ना. तुमची नोंदणीकृत शाळा आहे का? नाही, मशिदीतलं मकतब, शाळा सुटल्यावर तास-दीड तास. मग ते आमच्याकडे येतच नाही, परवानगी लागत नाही तुम्हाला. म्हटलं अल्हम्दुलिल्लाह, तेवढं एका ओळीत लिहून द्या. तर म्हणे, जे लागत नाही ते लिहून कसं देणार?

या वाक्यावर मी तिथेच उभी राहिले बहुतेक मिनिटभर.

तिसऱ्या खेपेला दुसराच माणूस, तो म्हणाला 'सहल' लिहिलंय म्हणून अडतंय, 'क्षेत्रभेट' करा. केलं. चौथ्या खेपेला, पालकांची हमीपत्रं जोडा, आणि क्षेत्रभेट नको, 'शिवार फेरी' लिहा, म्हणजे शेतीखात्याकडे ढकलता येईल (ढकलता हा शब्द त्याचाच, तोंडातून सुटला). बावीस हमीपत्रं, त्यातल्या नऊ जणांचे वडील बाहेरगावी, आयांच्या सह्या चालतील का यावर अर्धा तास चर्चा, आणि बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. तिकडे काकांची स्वतःची लावणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आटपली. आमचं एक खाचर आणि तेवढा तरवा तसाच उभा. रोज फोन, "काय गो, आलं का पत्र? तरवा पिवळा पडतोय."

तरवा चाळीस दिवसांचा झाला तेव्हा मी बसचा नाद सोडला. वडापच्या दोन मॅजिक, दोन-दोन फेऱ्या, बाराशे रुपये. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण फुकटची बस होती ना, चूक माझीपण आहे. तेव्हा कोणी करणार असाल तर गाडी आधी ठरवा, कागद लागलाच तर इनवर्ड नंबर पहिल्याच दिवशी घ्या, मी तिसऱ्या खेपेला घेतला.

लावणीचं सांगायचं तर काकांनी अंगठा आणि दोन बोटांत दोन-तीन काड्या धरून चिखलात कशा दाबायच्या ते दाखवलं, पोरांनी बिस्मिल्ला करून दाबल्या, निम्म्या तरंगून वर आल्या, परत दाबल्या. एक मुलगी म्हणाली, आपा चिखलाने नमाज होईल का? म्हटलं माती पाकच आहे बेटा, पाणी नसलं तर तयम्मुम मातीनेच करतो ना आपण. वजू (नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं) पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर केली. पऱ्या भरून वाहत होता आणि पोरं ओंजळी उधळायला लागली, तेव्हा वाहत्या नदीवर वजू केली तरी पाणी वाया घालवायचं नाही ही पैगंबरांची हदीस सांगितली. वर्गात शंभरदा सांगून जी गेली नाही ती तिथे गेली, एकाने खरंच हात आखडला.

असरच्या (दुपारनंतरच्या नमाजाच्या) वेळेला काठी रोवून सावली मोजायचा बेत मात्र फसला. आम्ही शाफई पंथाचे, सावली काठीएवढी झाली की असर (दुपारची मूळ सावली वजा करून), पण जुलैत सूर्यच कुठे. ते ऑक्टोबरात कापणीला केलं. हेच सांगायचं राहिलं होतं, दोनदा न्या, नुसत्या लावणीला नेऊन काही हाती लागत नाही. कापणीला काकांच्या खळ्यावर अधोलीने मापून दहा ढीग केले, पावसावरचं पीक असलं तर उश्र (मुसलमानाने पिकातून द्यायचा हिस्सा) दहावा, विहिरीचं पाणी देऊन काढलं तर विसावा. पीक काकांचं, त्यांच्यावर उश्र नाही, पण दहातला एक ढीग बाजूला सरकवताना तो केवढा दिसतो ते पोरांनी पाहिलं.

मग लोंब्या, म्हणजे भाताची कणसं, मोजायला बसलो. काकांच्या वेळेवर लावलेल्या खाचरात एका चुडाला (एका जागी लावलेल्या काड्यांच्या झुबक्याला) अकरा, बारा. आमच्या खाचरात पाच, फार तर सहा. कणसाचं विचारणारा तोच पोरगा तीन-तीनदा मोजत होता. आयत ही मिसाल आहे, माप नाही, सवाब (पुण्य) अल्लाह वाढवतो असं मी समजावलं, तर म्हणाला ते कळलं आपा, पण काकांच्या बाराच्या जागी आपल्या सहाच का? काका विडी विझवत म्हणाले, "म्हातारा तरवा लावला बाबा, त्याला फुटवा कुठला येणार."

पत्र ऑगस्टमध्ये आलं. विषय : शिवार फेरीबाबत. मजकूर, सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.