मनगटावर उठलेली गांध

बेळगावात मेकअप करणाऱ्याचं वर्ष शिवजयंतीभोवती फिरतं. आमच्याकडं ती वैशाखात होते आणि मग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे, प्रत्येक गल्लीचं मंडळ आपापला प्रसंग घेऊन. पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंच्या अंगावरच्या जखमा संध्याकाळी लावायच्या आणि उन्हाळ्याच्या घामात त्या पहाटेपर्यंत जागच्या हलता कामा नयेत. पूर्वी मेण, कापूस आणि कुंकवाचं पाणी यावर भागवायचो. मिरवणूक निम्म्यावर येईतो सगळं ओघळलेलं असायचं. लिक्विड लॅटेक्स हाताशी आलं आणि ते दुखणं संपलं. त्या बाटलीवर माझा जीव आहे, म्हणूनच गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट डोक्यातनं जात नाही.

अलीकडं 31 ऑक्टोबरला हॅलोविनची कामं येतात. सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, आमच्या कॉलेजच्या पोरांनी तो मोबाइलवर बघून उचलला. मला त्यात काही वावगं वाटत नाही. जखम नीट दिसली पाहिजे, मग ती मावळ्याची असो की भुताची. हे काम आलं होतं एका नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलवरनं. पंधरा-वीस पोरं-पोरी, सगळ्यांना चेहऱ्यावर फाटलेली कातडी हवी. पुढारपण करणाऱ्या पोराला घाई, कारण दुसऱ्या दिवशी 1 नोव्हेंबर. सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सवही. आदल्या मध्यरात्रीपासूनच चन्नम्मा चौकाकडं गर्दी लोटते, मग गाडी काढणं अवघड.

मी एकच अट घातली. आदल्या दिवशी येऊन प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लॅटेक्सचा एक ठिपका लावणार आणि 24 तास वाट बघणार, म्हणजे कुणाला त्याची अॅलर्जी असेल तर चेहऱ्याआधी मनगटावरच कळेल. पोरगा म्हणाला, "काका, आम्ही सगळे नर्सिंगचे. रोज रबराचे ग्लोव्हज घालतो. आम्हाला काय होतंय?" माझा अनुभव असा की या चाचणीला सगळ्यात जास्त कंटाळतात ती शिकलेली माणसं. मंडळातला गवंडीकाम करणारा पोरगा मुकाट हात पुढं करतो.

बाटलीत काय असतं ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. रबराच्या झाडाचा चीक, आणि तो गोठू नये म्हणून घातलेला अमोनिया. झाकण काढलं की नाकात जातो तो वास अमोनियाचाच, त्यामुळं डोळ्यांजवळ काम करताना खिडकी उघडी पाहिजे. ओलं असताना दुधासारखं पांढरं, वाळलं की पारदर्शक, किंचित पिवळसर. केसांवर लागलं तर केस घेऊनच निघतं, म्हणून भुवया आधी व्हॅसलीननं नाहीतर ओल्या साबणानं चापून बसवायच्या. ब्रशही बुडवण्याआधी साबणात घोळवायचा, नाहीतर एका वापरात गेला. पातळ थर, त्यावर टिश्यू पेपर. टिश्यूला दोन पदर असतात, ते सुटे करून एकच घ्यायचा आणि कडा हातानं फाडायच्या. कात्रीनं कापलेली कड कितीही रंगवा, चेहऱ्यावर चिकटवलेला कागदच दिसतो. फाटलेली कड मात्र कातडीत विरून जाते. मग पुन्हा लॅटेक्स, थंड हवेवर ड्रायर, पुन्हा कागद. तीन-चार थर झाले की पावडर मारायची, कारण वाळलेलं लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं. मग चिमट्यानं मधोमध फाडून कडा वर उचलायच्या. आत खोलात काळसर तांबडा, वर लाल, कडेला जखम जुनी दाखवायची तर पिवळट हिरवा. तेलकट रंग लॅटेक्सवर नको, तेलानं ते सैल पडतं. रक्तासाठी मी काकवी वापरतो. उसाच्या मुलखात राहून परदेशी पाकाच्या बाटल्या कशाला मागवायच्या? काकवीत खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घातला की जे साकळलेलं रक्त तयार होतं, तसं विकतच्या बाटलीत मी अजून बघितलेलं नाही.

तर 30 तारखेला संध्याकाळी होस्टेलच्या खालच्या खोलीत बसलो. पोरी रांगेनं येत होत्या. त्यातली एक केरळची, कोट्टायमकडची. झाकण उघडताच तिनं डोळे मिटून वास घेतला आणि मोडक्या हिंदीत सांगायला लागली, की तिच्या घरी रबराची झाडं आहेत, वडील पहाटे अंधारात उठून साली कापतात, कारण गारव्यात चीक जास्त वेळ वाहतो, आणि ऊन चढलं की आटतो. मी इतकी वर्षं हा चीक वापरतोय, पण तो काढणाऱ्याच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं. रांग थांबवून मी तिला विचारत राहिलो.

तिच्या मागं तिची खोलीतली मैत्रीण होती. खानापूर तालुक्यातली, मराठी बोलणारी, अंगानं बारीक. तिनं बाही वर केली तेव्हाच माझी नजर हातावर गेली. मेकअपवाल्याला आधी कातडी दिसते, माणूस नंतर. बोटांच्या सांध्यांवर कोरड्या भेगा, आणि मनगटावर एक लाल रेघ. ग्लोव्हजची कड संपते तिथं, बांगडीसारखी गोल. मी विचारलं, "हे काय गं?" म्हणाली, "काही नाही काका, साबणानं होतं." तेही खरं असू शकतं. वारंवार हात धुणं, घाम, ग्लोव्हजमधली पावडर यांनी कातडी नुसतीच चुरचुरते, ती अॅलर्जी नव्हे. तरी मी नेहमीच्या निम्म्यानं ठिपका लावला आणि तिला तिथंच बसवून घेतलं.

दहा मिनिटं झाली असतील. ठिपक्याभोवती कातडी फुगून वर आली, मध्ये फिकट आणि कडेला लाल. आपल्याकडं गांध म्हणतात तशी. आजूबाजूला आणखी दोन उठल्या. मी ठिपका लगेच काढला, साबणपाण्यानं हात धुवायला लावला आणि आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, ओठ सुजतायत का, घशात आवळल्यासारखं होतंय का, श्वास लागतोय का, हे विचारत राहा. यातलं काहीही झालं तर एक मिनिटही न घालवता हॉस्पिटल. नाही झालं तर उद्या कातडीच्या डॉक्टरकडं. दुसऱ्या दिवशी उगवते ती खाज वेगळी, तिच्यामागं बहुधा ग्लोव्हज बनवताना घातलेली रसायनं असतात. पण मिनिटांत गांधी उठणं म्हणजे शरीर चिकातल्या प्रथिनांवर उलटलंय असा संशय घ्यायचा. त्यांनी आणखी एक विचारायला सांगितलं, केळं किंवा पपई खाल्ल्यावर काही होतं का. मी विचारलं आणि पोरगी दचकली. "केळं खाल्लं की ओठ चुणचुणतात. लहानपणी फुगा फुगवला तरी व्हायचं. तुम्हाला कसं कळलं?"

गांधी तासाभरात बसल्या. श्वास ठीक होता. पण तिनं बाही ओढून मनगट झाकलं आणि हळूच म्हणाली, "काका, कुणाला सांगू नका."

हॅलोविनला बसायला मिळणार नाही म्हणून म्हणत असेल असं मला वाटलं. ते नव्हतं. वॉर्डात ड्यूटी लागल्यापासून तिच्या हाताला खाज होती. ग्लोव्हज काढल्यावर बाथरूममध्ये जाऊन गार पाण्याखाली हात धरायचा, हे तिचं रोजचं झालं होतं. तिनं घाबरून गप्प राहायचं ठरवलं होतं. कळलं तर कोर्समधनं काढतील, वडलांनी उसाच्या बिलातनं फी भरलेली, घरी काय सांगायचं? ॲडमिशनच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं का, असं मी म्हटलं. उंची विचारली, वजन घेतलं, रक्तगट लिहिला. रबरानं काही होतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. ज्या पोरींचे हात पुढची तीस वर्षं ग्लोव्हजमध्ये राहणार, त्यांना हा एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो? याचा मला अजून संताप येतो.

डॉक्टरांशी तिचं फोनवर बोलणं करून दिलं. त्यांनी सांगितलं की यासाठी शिक्षण सोडावं लागत नाही, नायट्राइलचे ग्लोव्हज असतात, त्यात झाडाचा चीक नसतो. पण सोबतच्या पोरींनीही पावडरवाले वापरू नयेत, कारण ती प्रथिनं पावडरीवर बसून हवेत उडतात आणि नाकात जातात. अमेरिकेत पावडरवाल्या ग्लोव्हजवर 2017 सालीच बंदी आली. इथं ते स्वस्त पडतात. म्हणजे प्रश्न तिच्या एकटीच्या ग्लोव्हजचा नव्हता, वॉर्डातल्या खोक्याचा होता. आणि त्यासाठी कुणाला तरी सांगावंच लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती मेकअपला आली. मी तिच्यासाठी जिलेटिनची जखम करायचं ठरवलं होतं. जिलेटिन, ग्लिसरीन, पाणी, गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवायचं, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचं आणि कोमट असतानाच चेहऱ्यावर लावून उचकटत आकार द्यायचा. मिनिटभरात घट्ट होतं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं, हे सांगितल्याशिवाय मी ते कुणाला लावत नाही. आमच्या भागात जैन आणि लिंगायत पोरं पुष्कळ. ती म्हणाली चालतं. तिला वेगळ्या खोलीत बसवलं, नवा स्पंज, नवे ब्रश, माझे हात धुतलेले. भाजल्याची जखम जिलेटिनवर लॅटेक्सपेक्षा खरी वाटते, ओलसर चमक येते. त्या रात्री सगळ्यात भयानक चेहरा तिचाच होता. पोरी बघायला येत होत्या आणि ती हसताना गाल ताणू नये म्हणून ओठ दाबून बसली होती.

मग हॉलमध्ये डोकावलो. छतापासून जमिनीपर्यंत काळे आणि केशरी फुगे. पोरं ते फोडणार, एकमेकांवर मारणार हे दिसतच होतं. मी त्या पुढारी पोराला बाजूला घेतलं आणि फुगे काढायला सांगितलं. खरं कारण सांगता येईना. म्हटलं, ओल्या लॅटेक्सला फुगे चिकटून मेकअप सोलून निघेल. त्याला पटलं नाही, कुरकुरला, पण सगळ्यांची तोंडं खराब होतील या भीतीनं काढले. त्या जागी क्रेप कागद टांगला. तिला ते कळलं. जाताना फक्त "काका, फुगे..." एवढं म्हणाली आणि पुढं काही बोलली नाही.

मी शब्द पाळला. प्राचार्यांना सांगितलं नाही, वॉर्डनलाही नाही. कोट्टायमच्या पोरीला ठाऊक होतं, ती समोर बसलेली होती. तिला मी बजावलं की हिला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन जा, चाचणीचा कागद हातात घ्या आणि मग दोघी मिळून मॅडमना भेटा. तिनं मान हलवली. त्या गेल्या की नाही हे मला कळलं नाही, आणि पोरींच्या होस्टेलवर फोन करून विचारायला मन धजत नाही.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, मी बरोबर केलं, हात तिचे आहेत आणि सांगायचा हक्कही तिचाच. माझ्या बायकोचं म्हणणं उलटं. उद्या ऑपरेशनच्या खोलीत तिला झटका आला तर तो शब्द काय कामाचा? मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच स्वस्थता नाही. आता शिवजयंतीच्या कामाला बाटली उघडण्याआधी मी प्रत्येक पोराला फुगा, केळं आणि ग्लोव्हज यांबद्दल विचारतो. ज्याचं उत्तर हो येतं त्याच्या अंगाला लॅटेक्स लावतच नाही, ठिपकासुद्धा नाही. आमच्या धंद्यात एवढं माझ्या हातात आहे.

तुमच्यापैकी कुणी नर्सिंगला असेल, किंवा शिकवत असेल, तर मला एवढंच सांगा. तुमच्या कॉलेजात एखादी पोरगी असा हात घेऊन आली तर तिला खरंच काढतात का, की ही भीती पोरीच एकमेकींना घालतात? आणि नायट्राइलचं खोकं मागायला नक्की कुणाच्या टेबलाशी जायचं?