सव्वा मीटर बाय पाऊण मीटरमधलं ब्रूहाऊस: लॉटरची टाकी पुन्हा केली

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की ब्रूहाऊसचा, म्हणजे बिअर बनवायच्या भांड्यांच्या जुळणीचा, आराखडा पक्का झाला, आता फक्त पत्रा कापायचा. पत्रा कापला, गोल वळवला, वेल्डही केला आणि परवा ते सगळं भिंतीला टेकवून ठेवून दिलं. ३६ सेंमी व्यासाची मॅश-लॉटरची टाकी, म्हणजे जिच्यात भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवायचं (मॅश) आणि मग त्यातला गोड रस जाळीतून गाळून घ्यायचा (लॉटर) ती, बाद. नवी ४६ सेंमीची आहे. दहा सेंमीसाठी एवढा खटाटोप का, ते सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. एका खेपेला २५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), उकळायला १०० लिटर वर्ट (त्यातून गाळलेला गोड रस) आणि हे सगळं बसवायला सव्वा मीटर बाय पाऊण मीटरची चौकट. डावीकडे खाली गरम पाण्याची टाकी, तिच्या डोक्यावर मॅश-लॉटर. उजवीकडे वर्ट उकळायची केटल, तीच पुढे व्हर्लपूल, म्हणजे वर्ट गोल फिरवून गाळ मध्ये जमवायचं भांडं. पाच कामं, तीन भांडी, जमिनीवर दोनच गोल.

वरची टाकी मी अरुंद केली होती ती पंप, व्हॉल्व्ह आणि विजेचा डबा शेजारी मावावा म्हणून. किलोमागे तीन लिटरने ७५ लिटर पाणी, त्यात धान्य स्वतः व्यापतं ते किलोमागे साधारण पाऊण लिटरच्या आतच, म्हणजे मॅश ९२ लिटरच्या आसपास. ३६ सेंमीच्या गोलात हे ९० सेंमी उंच उभं राहतं. मावतंय ना, मग झालं, असं वाटलं. मॅश मावणं आणि मॅशमधून वर्ट खाली उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माहीत होतं, पण तेव्हा आठवलं नाही.

पहिल्या खेपेला धान्याचा थर जवळजवळ ४९ सेंमीचा बसला. दर चौरस मीटरला २४६ किलो माल्ट! लॉटरसाठी १५० ते २०० च्या दरम्यान राहावं असा सर्वसाधारण दंडक. पहिली दहा मिनिटं छान धार होती. मग ती बारीक झाली, मग थेंब, मग पंपाचा आवाज बदलला. मी टाकीच्या बाहेर दोन पारदर्शक नळ्या लावल्यात: एकीत थराच्या वरची पातळी दिसते, दुसरीत जाळीच्या खालची. त्या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे थरावर पडणारी ओढ. बघता बघता दुसऱ्या नळीतली पातळी ४० सेंमीने खाली गेली आणि मग नळी रिकामीच झाली. पंप जाळीखालून वर्ट ओढत होता आणि वरचा थर शिकरण दाबावी तसा जाळीवर दाबून बसला होता. खालून गरम पाणी सोडून थर उचलला, हलवला, बसू दिला, पुन्हा सुरू केलं. तासाभराचं काम तीन तासांवर गेलं.

दोष माल्टच्या भरड्याचा असेल म्हणून गिरणीतलं अंतर १.० वरून १.२ मिमी केलं. फरक पडला, पण उगाच समाधानापुरता. मग शेवटी कागद घेऊन बसलो. हेन्री डार्सीने १८५६ मध्ये वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला तो इथे तसाच लागू करता येतो: प्रवाह क्षेत्रफळाच्या आणि दाबातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, थराच्या जाडीच्या आणि द्रवाच्या चिकटपणाच्या प्रमाणात घटतो. आता माल्ट तेवढाच असेल तर टाकी रुंद केल्यावर क्षेत्रफळ वाढतं आणि वर थरही तितकाच पातळ होतो. दुहेरी फायदा. म्हणजे प्रवाह क्षेत्रफळाच्या वर्गाने, व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ३६ चे ४६ केले की तेवढ्याच ओढीला सुमारे २.७ पट प्रवाह. शिवाय धान्याचा थर वाळूसारखा घट्ट नसतो, ओढ वाढली की तो दबतो आणि वाट आणखी बुजते. त्यामुळे प्रत्यक्षातला फरक २.७ पटीहूनही जास्त निघावा.

नवे आकडे: थर ३० सेंमी, दर चौरस मीटरला १५० किलो, मॅशची उंची ५५ सेंमी. आणि एक गोष्ट जी आधी दिसायला हवी होती. जुन्या टाकीचा काठ जमिनीपासून १६८ सेंमीवर येत होता. मॅश ढवळायला स्टुलावर चढून, ६५ अंशांच्या लगद्यावर ओणवं होऊन वल्हं मारायचं. पहिल्या दिवशी ते मर्दुमकीचं वाटलं, दुसऱ्या दिवशी मूर्खपणाचं. आता काठ १३३ वर आहे. स्टूल बाद.

पंपाने थेट जाळीखालून ओढायचं नाही हा दुसरा धडा. त्यासाठी मध्ये ग्रँट घातला. चार लिटरचं उघडं भांडं, त्यात फ्लोट स्विच. टाकीतला वर्ट व्हॉल्व्हमधून स्वतःच्या वजनाने ग्रँटमध्ये उतरतो, पंप ग्रँटमधून उचलतो, पातळी खाली गेली की आपोआप थांबतो. पंपाने कितीही जोर केला तरी थराला त्याचा पत्ता लागत नाही. नळीचं तोंड ग्रँटमधल्या वर्टच्या आत बुडवून ठेवा, नाहीतर गरम वर्ट हवेत आपटून फेसाळतो. कोमट पाण्यावर आणि उरलेल्या चोथ्यावर घेतलेल्या चाचणीत दोन नळ्यांतला फरक १५ सेंमीच्या आत ठेवून मिनिटाला दीड लिटर धार तासभर टिकली. खरी खेप अजून व्हायची आहे.

मग पंप आणि ग्रँट ठेवले कुठे? दोन गोल शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्या मध्ये पुढे आणि मागे त्रिकोणी कोपरे उरतात. कागदावर ते दिसत नाहीत, कारण कागदावर आपण चौकोन काढतो. मी खोलीच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाचे गोल काढले तेव्हा दिसले. पुढच्या कोपऱ्यात ग्रँट, मागच्या कोपऱ्यात पंप. पंप सर्वांत खाली, ओढीची नळी आखूड आणि जाड, प्रवाह कमी करायचा तो बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हने. आधीच्या मांडणीत ओढीच्या बाजूला तीन एल्बो होते आणि उकळत्या वर्टला पंप खडे भरल्यासारखा वाजायचा. विजेचा डबा गेला भिंतीवर. तो केटलच्या वर बसवायचं माझ्या डोक्यात होतं, वाफेत. असो.

केटलचं काम निम्मं झालंय. १०० लिटरला ५८ सेंमी व्यास धरला की खोली ३८ सेंमी येते, व्यासाच्या ०.६५ पट. व्हर्लपूलला उथळ भांडंच लागतं. पेल्यातला चहा ढवळल्यावर पत्ती कडेला न जाता मध्ये का जमते, हे आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवरच्या निबंधात समजावलं होतं: तळाशी घर्षणाने फिरणं मंदावतं, त्यामुळे तळालगतचं पाणी मध्याकडे सरकतं आणि गाळ सोबत नेतं. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) गाळही तसाच मध्ये ढिगारा करून बसायला हवा. माझा बसत नव्हता, कारण साडेचार किलोवॅटचे दोन यू आकाराचे हीटर बरोबर मधून आडवे जात होते. गाळ तिथे अडून विस्कटायचा आणि तोटीतून निघून वर्ट गार करणारा प्लेट चिलर तुंबवायचा.

उपाय सापडला तो हिशेब करताना. वर्ट करपू नये म्हणून हीटरच्या पृष्ठभागावर चौरस सेंमीला ८ वॅटपेक्षा जास्त भार नको. ४५०० वॅटला सुमारे ५६० चौरस सेंमी. ११ मिमी जाडीच्या नळीचा हीटर घेतला तर लांबी होते १६३ सेंमी. आणि ५२ सेंमी व्यासाच्या कड्याचा परीघ? १६३! केटलच्या भिंतीपासून तीन सेंमी आत, एक पूर्ण फेरा. योगायोगच, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

कडी ऑर्डर करण्याआधी तांब्याच्या नळीची खोटी कडी वाकवून केटलमध्ये ठेवली, १०० लिटर गार पाणी भरलं आणि मूठभर चहाची पत्ती टाकली. २५ मिमीच्या तिरक्या नळीतून मिनिटाला ३५ लिटर सोडलं, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर वेग. दहा मिनिटं फिरवलं, पंधरा मिनिटं थांबलो. ढिगारा जमला. जरा पसरट, पण मध्ये, आणि तोटी कडेला. गरम वर्टमध्ये गाळ पत्तीपेक्षा हलका आणि मऊ असतो, त्यामुळे एवढ्यावर हुरळून जात नाही.

दोन्ही हीटर चालू ठेवून १०० लिटर ७५ वरून १०० अंशांवर न्यायला हिशेबाने १९ मिनिटं, प्रत्यक्षात २३. उकळी टिकवायला मात्र एकच पुरतो, कारण तासाला सहा टक्के वाफ काढायची तर पावणेचार किलोवॅट लागतात. ती सहा लिटर वाफ खोलीत नको म्हणून झाकणावरच्या नळीत पाण्याचा फवारा बसवतोय. तिथे साचलेलं पाणी गटारात, केटलमध्ये परत अजिबात नाही. उकळून घालवलेलं डीएमएस (उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं संयुग) परत आत घेऊन काय करायचं?

सध्या अडलंय ते चोथ्याच्या दारावर. जाळीच्या पातळीला बाजूने दार हवं, २५ सेंमी रुंद, म्हणजे फावडं सरळ जाईल. पण ४६ सेंमीच्या गोलावर २५ सेंमीचं दार म्हणजे मधला भाग कडांपेक्षा ३.७ सेंमी बाहेर. सपाट गॅस्केट बसवायचं तर तेवढी गळपट्टी बाहेर काढावी लागते आणि त्या गळपट्टीच्या तळाशी चोथा साचतो. रुंदी १८ केली तर फुगवटा निम्म्यावर येतो, पण फावडं अडतं. दोन्ही मापांची दारं पुठ्ठ्यातून कापून टाकीला चिकटवलीत आणि येता-जाता फावडं आत घालून बघतोय. वेल्डरला शुक्रवारपर्यंत माप द्यायचंय. कुणी १८ च्या दारातून २५ किलोचा चोथा काढत असेल तर किती वेळ लागतो तेवढं सांगा.